कमरेवरचा ३० मिनिटांचा प्राणवायू
भूमिगत कोळसा खाणीसाठी रासायनिक प्राणवायूचा सेल्फ रेस्क्युअर (आणीबाणीत बाहेर पडताना तोंडाला लावायचं, कमरेला अडकवलेलं श्वासयंत्र) फिल्टरवाल्यापेक्षा नक्कीच सरस. फिल्टर फक्त कार्बन मोनॉक्साइडपुरता. हवेत प्राणवायूच कमी असला की कुचकामी. रासायनिक नगात पोटॅशियम सुपरऑक्साइड श्वासातल्या बाष्पावर प्राणवायू तयार करतं. आत येणारी हवा गरम लागते, म्हणजे यंत्र चाललंय. घाबरून तोंडातून काढू नये. नाकाची क्लिप विसरणं ही सरावातली नेहमीची चूक. चढावर धावलात तर ३० मिनिटं पुरत नाहीत. सील तुटलेला, डबा चेपलेला नग लॅम्परूममध्येच (खाणीत उतरण्याआधी दिवे देतात त्या खोलीत) बाजूला काढा. एकदा उघडलेला नग बाद, म्हणून सरावाचे संच वेगळे मागवा. आणि कंपनीच्या सगळ्या खाणींत एकच मॉडेल ठेवा. नाहीतर बदलून आलेल्या कामगाराचा हात अंधारात भलतीकडेच जातो. वजन मात्र पाळीभर कमरेला जाणवतं.