दारू सोडायच्या मिटिंगा: अकरा महिने जाऊन माझा अनुभव

दारू सोडू पाहणारे लोक एकत्र बसून आपापलं बोलतात, त्या या मिटिंगा. आधी हेच सांगते, पहिली मिटिंग आवडली नाही म्हणून जाणं सोडू नका. मी सोडणारच होते. आज अकरा महिने झाले दारूला हात लावलेला नाही, आणि जिथे मी टिकले तो माझा चौथा गट आहे.

सगळ्यात जास्त त्रास झाला तो शोधताना. नेटवर यादी मिळते, वेळ पत्ता सगळं असतं पण ती यादी कधीची आहे ते कळत नाही. मी महिनोन् महिने धीर गोळा करून एके ठिकाणी गेले तर दाराला कुलूप, गट कधीच दुसरीकडे हलला होता. इतका धीर करून आलेल्या माणसाला बंद दार म्हणजे प्यायचं कारणच मिळतं, मी त्या रात्री प्यायलेच. म्हणून निघायच्या आधी मिटिंग घेणाऱ्यांच्या हेल्पलाइनला फोन करा आणि विचारा की मिटिंग चालू आहे ना, आणि ओपन आहे की क्लोज. ओपनला घरचे, मित्र कोणीही येऊन बसू शकतात, क्लोज फक्त ज्यांना स्वतःला दारू सोडायचीये त्यांच्यासाठी. मला हे माहीत नव्हतं, बहिणीला सोबत घेऊन क्लोजला गेले आणि ती बिचारी पूर्ण वेळ बाहेर बसून राहिली.

आता मी जाते ती एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची. फी नाही, शेवटी पेटी फिरते, त्यात टाकलं नाही तरी कोणी बघत नाही. नाव सांगायचं तर फक्त पहिलं. तास दीड तास चालते, एक जण बोलतो बाकीचे ऐकतात, मधे तोडायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. बोलायची सक्ती तर अजिबात नाही. पहिले तीन आठवडे मी "आज फक्त ऐकते" एवढंच म्हणत होते आणि ते चालत होतं. मग एकदा एक ताई बोलल्या की प्यायची लाज नंतर, आधी रिकामी बाटली घराबाहेर कशी न्यायची याचीच भीती असायची, कचऱ्यात टाकली तर आवाज होईल म्हणून टॉवेलात गुंडाळून ठेवायच्या. मीही टॉवेलातच ठेवायचे. हे जगात कोणाला सांगता येईल असं मला कधी वाटलंच नव्हतं, त्या दिवशी मी पहिल्यांदा बोलले.

पण माझ्या मते खरी मिटिंग ती संपल्यानंतरच्या दहा मिनिटांत असते. तेव्हा लोक नंबर देतात, ते घ्या, लाजू नका, लगेच निघून जाऊ नका. एए सुरूच तसं झालंय. 1935 साली अमेरिकेत अ‍ॅक्रन नावाच्या शहरात शेअर बाजारातला एक माणूस, दारू सुटून थोडेच महिने झालेले, धंद्यात फटका बसला आणि परत प्यावंसं वाटायला लागलं. बारमधे जायच्या ऐवजी त्याने फोन करून करून आपल्यासारखाच पिणारा कोणी शोधला, तो निघाला एक सर्जन, दोघं तासन् तास बोलत बसले. मी पण रात्री साडेअकराला स्पॉन्सरला फोन केलाय (स्पॉन्सर म्हणजे आपल्या आधी सोडलेला, एएच्या बारा पायऱ्यांमधून, म्हणजे दारू सोडायच्या ठरलेल्या टप्प्यांमधून, आपल्याला नेणारा माणूस, बाईने बाईच घ्यावी असं सुचवतात) तिने एवढंच विचारलं की भूक लागलीये, राग आलाय, एकटं वाटतंय की थकलीयेस? थकले होते. झोपले.

देवाचा उल्लेख बारा पायऱ्यांमधे येतो, मला सुरुवातीला खटकलं. आपल्याला समजेल तसा देव असं तिथे म्हटलंय, काही जण गटालाच आपल्याहून मोठी शक्ती मानतात, मीही तसंच करते. ज्यांना हे नकोच असेल त्यांनी स्मार्ट रिकव्हरी बघा, 1994 पासून आहे, देव नाही, स्वतःला अल्कोहोलिक म्हणवून घ्यायची गरज नाही, तलफ आली की काय करायचं याचे सराव शिकवतात. मी त्यांच्या काही मिटिंगा ऑनलाइन केल्या, कागदावर पिण्याचे फायदे तोटे मांडायचा सराव अजून वापरते. पण मला माणसं हवी होती म्हणून एए. आणि हे नुसतं माझंच मत नाहीये, 2020 मधे 27 अभ्यास एकत्र करून, दहा हजारांच्या वर लोकांचे, कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेने आढावा घेतला त्यात दारू पूर्ण बंद ठेवण्यासाठी एएशी जोडून देणारे उपचार इतर थेरपीपेक्षा चांगले ठरले.

एक गोष्ट खूप वाईट वाटली, एका गटात एक जुने सदस्य एका नवीन मुलाला म्हणाले की गोळ्या घेतोस म्हणजे तुझं सोडणं खरं नाही. असं कोणी म्हटलं तर ऐकू नका, औषधाचं डॉक्टरच ठरवणार. आणि रोज भरपूर पिणारे असाल तर मिटिंगच्याही आधी डॉक्टरकडे जा, एकदम बंद केल्यावर पहिल्या दोन तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवावर बेतू शकतं.

घरच्यांसाठी वेगळ्या मिटिंगा असतात, अल-अ‍ॅनॉन, 1951 पासून, किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन. माझी बहीण आता तिथे जाते, तिची आणि माझी वेळ एकच आहे, त्यामुळे आम्ही एकत्र निघतो आणि शेजारशेजारच्या खोल्यांमधे जाऊन बसतो.