रेडिओग्राफी: डिप्लोमा की बीएस्सी?

बारावी सायन्सनंतर रेडिओग्राफीकडे वळणाऱ्या मुलांना मी आधी एकच विचारते: घर किती वर्षं थांबू शकतं? डिप्लोमा साधारण २ वर्षांचा. हात लवकर बसतो, तालुक्याच्या एक्स-रे रूममध्ये काम मिळतं. घरी कमावणारं कुणी नसेल तर यात काही कमीपणा नाही.

बीएस्सीला ३ वर्षं, बहुतेक ठिकाणी वर १ वर्षाची इंटर्नशिप. पण फरक नुसत्या वर्षांचा नाही. केव्हीपी (एक्स-रे ट्यूबचा व्होल्टेज) वाढवला की किरणांची भेदकता वाढते, एमएएस (ट्यूबचा करंट गुणिले वेळ) वाढवला की त्यांचं प्रमाण. हे का, ते पदवीत नीट समजतं. मग लहान मुलाची छाती आणि जाड माणसाचा कणा यांना एकच सेटिंग लावायची चूक होत नाही. सीटी, एमआरआयवरही जास्त वेळ मिळतो. पुढे एमएस्सीची वाट आहे. ब्रिटनमध्ये या कामाला एचसीपीसी या तिथल्या नियामक संस्थेची नोंदणी लागते आणि तिथलं शिक्षण पदवीचंच.

अंगावर पडलेले किरण मोजणारा टीएलडी बॅज मात्र दोघांनाही सारखाच, लेड ॲप्रनच्या आत छातीवर. पहिल्या दिवसापासून.

घराला ४ वर्षं झेपत असतील तर माझं मत ठाम बीएस्सीलाच. फक्त प्रवेशाआधी कॉलेजला जोडलेल्या हॉस्पिटलात सीटी, एमआरआय खरंच चालू आहे का, ते स्वतः जाऊन बघा.