शुगरलँडचा नव्वद फुटी मारुती: दर्शन, आणि त्याच्यावरून झालेला वाद

पाचपैकी पाच तारे. आई-वडिलांना घेऊन टेक्सासला आलेल्या मराठी कुटुंबांसाठी मुद्दाम लिहितो आहे, कारण "तिथं काही गडबड तर नाही ना, म्हाताऱ्या माणसांना नेलं तर चालेल ना?" असं मला अनेकजण विचारतात. चालेल. निर्धास्त जा.

श्री अष्टलक्ष्मी मंदिर ह्यूस्टनच्या नैऋत्येला, शुगरलँडमध्ये आहे. मारुती देवळाच्या आवारात उघड्यावरच उभा असल्यामुळे गाडीतूनच दिसतो. पंचधातूची नव्वद फुटी मूर्ती, एका हातानं अभय आणि दुसऱ्या हातात गदा. ऑगस्ट 2024 मध्ये प्राणप्रतिष्ठा झाली, तेव्हा हेलिकॉप्टरमधून फुलं टाकली होती. हैदराबादजवळ रामानुजाचार्यांची 216 फुटी मूर्ती उभारणारे चिन्न जीयर स्वामी, त्यांच्याच संकल्पनेतून ही झाली. त्यामुळे देऊळ पूर्ण दाक्षिणात्य वैष्णव वळणाचं आहे. आपल्याकडची सवय घेऊन गेलात तर थोडं वेगळं वाटेल. या परंपरेत तीर्थ घेतल्यावर पुजारी डोक्यावर शठारी टेकवतात. ती म्हणजे विष्णुपादुका असलेला मुकुटासारखा टोप. मान खाली करून उभं राहायचं, हात पुढे करायचा नाही. आमच्या आण्णांना हे मी गाडीतच सांगून ठेवलं होतं.

आण्णा उंब्रजचे. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक आमच्या गावात, त्यामुळे मारुती म्हणजे शेंदूर, तेल, रुईची माळ आणि हाताला लागेल एवढी उंची हे त्यांच्या डोक्यात पक्कं. इथं शेंदूर नाही, तेल वाहायचं नाही. ते बराच वेळ मान वर करून बघत राहिले आणि म्हणाले, "एवढा मोठा कशाला केला रे?"

हाच प्रश्न माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं विचारला होता. तो बाप्टिस्ट, दर रविवारी चर्चला जाणारा, माणूस सरळ. "तुम्ही पूजा करा, माझं काही म्हणणं नाही. पण रस्त्यावरून दिसेल एवढा उंच का?"

आण्णांना मी सांगितलं की दक्षिणेकडे उंच मूर्तीची रीत आहे आणि इथल्या लोकांनी हौसेनं केलं. खरं तर भक्तीला नव्वद फूट लागत नाहीत, असं माझंही मत आहे. आमचा उंब्रजचा मारुती कमी जागृत आहे असं कुणी म्हणणार नाही. पण सहकाऱ्याला दिलेलं उत्तर वेगळं होतं. टेक्सासमध्येच ग्रूम गावाजवळ महामार्गालगत 190 फुटी क्रूस उभा आहे, 1995 पासून. तो लांबून दिसावा म्हणूनच एवढा उंच आहे, आणि मला त्याची कधी अडचण वाटली नाही. जमीन देवळाची, पैसा भक्तांचा. मग उंची एकाला चालते आणि दुसऱ्याला नाही, असं कसं? तो गप्प राहिला, पण पुढच्या आठवड्यात स्वतःहून म्हणाला, "मला एकदा दाखव." मी त्याला घेऊन गेलो. चपला काढून तो आवारात फिरला, मारुती कोण, त्यानं काय केलं ते सगळं विचारलं. पूजेला बसला नाही, प्रसाद मात्र घेतला. मला यापेक्षा जास्त काही नको होतं.

आता वाद. प्राणप्रतिष्ठेनंतर थोड्याच दिवसांत एका चर्चची पंचवीसेक मंडळी मूर्तीजवळ येऊन विरोधाच्या प्रार्थना म्हणून गेली. समाजमाध्यमांवर तर मूर्तीला सैतान म्हणण्यापर्यंत मजल गेली. सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकन सिनेटसाठी रिपब्लिकन उमेदवारी मागणाऱ्या अलेक्झांडर डंकन यांनी जाहीर लिहिलं की खोट्या हिंदू देवाची ही मूर्ती टेक्सासमध्ये का चालू द्यायची, आपलं राष्ट्र ख्रिस्ती आहे. हिंदू अमेरिकन फाउंडेशननं त्यांच्या पक्षाकडे तक्रार केली. अमेरिकेच्या संविधानाची पहिली दुरुस्ती याच गोष्टीसाठी आहे: सरकारनं कुठला धर्म राष्ट्राचा ठरवायचा नाही आणि कुणाला आपला धर्म पाळण्यापासून अडवायचं नाही. ते लिखाण वाचलं त्या रात्री मला राग आला होता, आणि माझी आठवीतली मुलगी शाळेत काय ऐकेल याची काळजी त्याहून जास्त.

पण आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यावर जे चाललं होतं, त्यावरही बोललं पाहिजे. कर्नाटकात कनकपुराजवळ हारोबेले हे बहुसंख्य ख्रिस्ती वस्तीचं गाव आहे. तिथल्या कपालबेट्टा टेकडीवर येशूची 114 फुटी मूर्ती करायचं ठरलं आणि जानेवारी 2020 मध्ये कनकपुरात मोठा मोर्चा निघाला. सरकारनं दिलेल्या जमिनीबद्दलचा प्रश्न रास्त होता, तो विचारायलाच हवा होता. पण बाकीचा सूर होता की टेकडी आमच्या देवाची आहे, मूर्ती आली की धर्मांतरं होतील. तेव्हा त्या मोर्च्याचं कौतुक करणारे आज डंकन यांच्यावर संतापले आहेत. मी ग्रुपवर एवढंच लिहिलं की शुगरलँडमध्ये आपण थोडे आहोत, हारोबेल्याचे लोक कर्नाटकात थोडे आहेत, आणि जो न्याय आपण मागतो तो त्यांनाही द्यावा लागेल. दोघे ग्रुप सोडून गेले. त्यांतला एक माझा जुना मित्र आहे, त्याचं वाईट वाटतं, पण लिहिलं ते काढणार नाही.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका. टेक्सासच्या उन्हात फरशी पायाला चटके देते, म्हाताऱ्या माणसांना पायमोजे घालायला सांगा. मूर्तीचा चेहरा नीट दिसायचा तर पायाशी न जाता जरा लांब उभं राहा. कुणी विरोध करायला आलेलं दिसलंच तर हुज्जत घालू नका, मोबाइल काढून त्यांचं चित्रीकरण करत बसू नका. बघायचं काम मंदिराच्या लोकांवर सोडा आणि आपलं दर्शन पुरं करा. आणि ऑफिसातला, शेजारचा कुणी "बघायला येऊ का" म्हणाला, तर पुढच्या शनिवारवर ढकलू नका, याच शनिवारी न्या.