रस्त्यावरचा बर्फ: खात्यामार्फत काढावा की कंत्राट द्यावं?

हिवाळ्यात रस्ते चालू ठेवण्याचं काम खासगी कंपनीला द्यायचं का, हा विषय समितीपुढे येतो तेव्हा टेबलावर बहुधा दोन आकडे असतात. एक, रस्ते खात्याचा गेल्या वर्षीचा खर्च. दुसरा, कंपनीचा दर. दुसरा पहिल्यापेक्षा कमीच असतो, नाहीतर विषय समितीपर्यंत आलाच नसता. एवढ्यावर हात वर करून ठराव मंजूर करणं मला धोक्याचं वाटतं, कारण ते दोन आकडे एकाच कामाचे नसतात.

बर्फ काढणं हे इतर रस्तेकामांसारखं नाही. डांबरीकरणाचं कंत्राट दिलं तर लांबी मोजता येते, जाडी मोजता येते, आणि सहा महिन्यांनी जाऊन पाहिलं तरी काम जागेवर असतं. बर्फ काढल्याचा पुरावा मात्र दुपारच्या उन्हात वितळून जातो. प्लाऊ, म्हणजे पुढच्या पात्यानं बर्फ बाजूला ढकलणारा ट्रक, पहाटे तीनला येऊन गेला की पाचला, बर्फ चिकटू नये म्हणून टाकायचं मीठ आधी पडलं की बर्फ घट्ट बसल्यावर, हे नंतर रस्त्याकडे बघून कळत नाही. शिवाय काम किती निघेल हे कोणालाच आधी ठाऊक नसतं. एका हिवाळ्यात गाड्या मोजक्या वेळा बाहेर निघतात, पुढच्या हिवाळ्यात दिवसाआड. म्हणून कंत्राट देताना खरं तर दोन गोष्टी ठरत असतात: वाईट हिवाळ्याचा भार कोण उचलणार, आणि अंधारात गाडी बाहेर काढायचा निर्णय कोणाच्या हाती राहणार.

खर्चाचा हिशेब कुठे चुकतो

खात्याच्या बाजूनं पाहिलं तर दोष उघड दिसतात. ट्रक वर्षातले कितीतरी महिने उभे. चालकांचे पगार सौम्य हिवाळ्यातही चालू. रात्रपाळीचा जादा भत्ता. यंत्रं जुनी, कारण अंदाजपत्रकात कात्री लावायची वेळ आली की नव्या ट्रकची खरेदी सगळ्यात आधी पुढे ढकलली जाते. हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. खात्याची यंत्रणा बहुतेक वेळा आळसानं नाही, उपासमारीनं खचते. कंत्राटात निदान दर लिहिलेला असतो आणि तो दरवर्षी द्यावाच लागतो, त्यामुळे कोणाला तो गुपचूप कापता येत नाही. हा कंत्राटाचा खरा फायदा आहे, पण त्याची चर्चा क्वचितच होते.

पण कंपनीचा ट्रकही उन्हाळ्यात उभाच असतो. त्याचं व्याज, विमा, घसारा ती दरात धरते आणि वर नफा. मग ती स्वस्तात कसं देऊ शकते? तिच्याकडे उन्हाळ्यात त्याच ट्रकला आणि त्याच माणसांना बांधकामाचं काम असेल, तर बचत खरी. मजुरी कमी देत असेल, तर बचत खरी असली तरी अनुभवी चालक टिकणार नाही. आणि गाड्याच कमी ठेवणार असेल, तर ती बचत नाही, ती सेवेतली कपात आहे. निविदा उघडल्यावर या तिघांतलं नेमकं काय आहे, हे विचारायला हवं.

खात्याच्या आकड्यातही एक गडबड असते. त्यात कार्यालयाचा वाटा, निवृत्तिवेतन, आगाराची देखभाल असं सगळं धरलेलं असतं. काम बाहेर दिल्यावर यातलं बरंचसं तसंच राहतं. निवृत्त झालेल्यांचं वेतन थांबत नाही, आगाराची इमारत पडत नाही. तेव्हा कंपनीच्या दराशी तुलना करायची ती खात्याच्या पूर्ण खर्चाची नाही, तर काम बाहेर दिल्यानं प्रत्यक्ष वाचणाऱ्या रकमेची. त्यात देखरेखीचा नवा खर्च मिळवा: गस्त घालणारे निरीक्षक, गाड्यांवरच्या जीपीएसच्या नोंदी वाचणारं कोणीतरी, दंडाच्या वादात लागणारा वकील. आणि हिवाळ्यातली तुमची माणसं उन्हाळ्यात खड्डे बुजवत असतील, गटारं साफ करत असतील, तर त्या कामाचं काय, तेही याच कागदावर मांडा.

पैसे कशाचे देता

सरकारी की खासगी यापेक्षा या प्रश्नावर जास्त वेळ द्यावा असं माझं मत आहे.

एकरकमी कंत्राटात हंगामाचे ठरावीक पैसे दिले जातात, बर्फ पडो न पडो. तुमचं अंदाजपत्रक स्थिर राहतं. पण कंपनीसाठी प्रत्येक फेरी हा खर्च असतो, म्हणून कमीत कमी फेऱ्यांत भागवण्याकडे तिचा कल राहणार. तासाप्रमाणे पैसे दिले तर उलट: गाडी फिरती ठेवण्यातच कमाई. टनाप्रमाणे मीठ टाकायचे पैसे दिले तर मीठ पडतच राहतं, गरज असो वा नसो. यात कोणी लबाड असण्याची गरज नाही. सरळमार्गी कंत्राटदारही ज्याचे पैसे मिळतात तेच जास्त करतो, कारण त्यालाही पगार वाटायचे असतात.

चौथी पद्धत दिसायला सगळ्यात आकर्षक आहे: साधनं कंपनीनं ठरवावीत, आम्ही फक्त परिणाम मोजू. वादळ थांबल्यावर अमुक तासांत रस्ता काळा दिसला पाहिजे, एवढंच. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतानं २००९ पासून महामार्गांसाठी अशी कंत्राटं द्यायला सुरुवात केली. तिथलं काम त्याआधीपासूनच खासगी कंपन्यांकडे होतं, तेव्हा हा बदल सरकारीकडून खासगीकडे जाण्याचा नव्हता, एका प्रकारच्या कंत्राटातून दुसऱ्या प्रकारात जाण्याचा होता. आधी किती यंत्रं ठेवायची ते मंत्रालय सांगत असे, आता ते कंपनीवर सोडलं, आणि निवड मुख्यतः सर्वांत कमी दरावर होऊ लागली.

पुढे काय झालं ते प्रांताच्या महालेखापरीक्षक बॉनी लिसिक यांच्या एप्रिल २०१५ च्या विशेष अहवालात आहे. सर्वाधिक वर्दळीच्या महामार्गांवर वादळानंतर रस्ता मोकळा व्हायला २००९-१० मध्ये सरासरी २.१ तास लागत होते, २०१३-१४ मध्ये ४.७ तास. कमी दर लावणाऱ्यांनी गाड्या कमी ठेवल्या होत्या. गाड्या कमी म्हणजे प्रत्येकीचा फेरा लांब, आणि फेरा लांब म्हणजे प्लाऊ परत येईपर्यंत बर्फ चाकांखाली दाबून बसलेला. नंतर मंत्रालयाला स्वतः पैसे घालून शंभराहून अधिक जादा यंत्रं उतरवावी लागली.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. या वर्गाच्या रस्त्यांसाठी नेमून दिलेली मुदत ८ तासांची होती. ४.७ तासांची सरासरी त्यात आरामात बसते. म्हणजे लागणारा वेळ दुपटीहून जास्त झाला तरी कागदावर सगळं नियमात असू शकतं. जुनी सेवा मुदतीपेक्षा कितीतरी चांगली होती, पण ती चांगली आहे हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. त्यामुळे निविदा काढण्याआधी निदान दोन हिवाळे तुमची आजची प्रत्यक्ष वेळ मोजून ठेवा आणि कंत्राटात तीच लिहा. पुस्तकातली कमाल मुदत लिहिलीत, तर तेवढीच मिळेल.

मीठ कधी टाकायचं, हे कोण ठरवणार

मिठाचं २३ टक्क्यांचं द्रावण सिद्धांतानुसार उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. रस्त्यावर मात्र तापमान उणे १० च्या आसपास किंवा खाली गेलं की मीठ इतकं मंद काम करतं की वाळू किंवा जास्त थंडीतही चालणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडचा विचार करावा लागतो. आणि मिठाचा खरा उपयोग बर्फ वितळवण्यात नाही, तो डांबराला चिकटू न देण्यात आहे. म्हणून द्रावण बर्फ पडण्याआधी फवारलेलं उत्तम: थोड्या मिठात काम होतं आणि नंतर प्लाऊनं बर्फ सहज निघतो. पण हा निर्णय अंदाजावर घ्यावा लागतो. आभाळ फिरलं तर फवारणी वाया. खात्यातला अनुभवी पर्यवेक्षक हा धोका पत्करतो, कारण पैसे त्याच्या खिशातून जात नाहीत. एकरकमी कंत्राटदार थांबून बघतो, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही थांबलो असतो.

फवारायला तयार असूनही जमत नाही अशाही वेळा येतात. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात आय-९५ महामार्गावर लोक गाड्यांमध्ये अडकले, काही जण तर २४ तासांहून जास्त. तिथे आधी पाऊस पडला. फवारलेलं द्रावण धुऊन गेलं असतं म्हणून फवारलंच नव्हतं. मग पावसाचा बर्फ झाला आणि तो प्लाऊंच्या वेगापेक्षा जोरात साचला. असा प्रसंग कंत्राटाच्या कुठल्याही कलमात आधी लिहून ठेवता येत नाही. तिथे क्षणात ट्रक एका रस्त्यावरून काढून दुसऱ्यावर पाठवायचा अधिकार एका माणसाकडे असावा लागतो, आणि खात्याच्या यंत्रणेत तो असतो. कंत्राटात हाच अधिकार हवा असेल तर तो आधी लिहून घ्यावा लागतो आणि त्याचे पैसे मोजावे लागतात.

मिठाची दुसरी बाजूही विसरू नका. मिठातलं क्लोराइड मातीत किंवा पाण्यात विघटन पावत नाही, ते ओढ्यात आणि विहिरीत जाऊन साठतं, पुलांच्या सळया खातं. कॅनडानं २००१ मध्येच रस्त्यावरच्या मिठाचं मूल्यमापन करून ते पर्यावरणाला घातक असल्याचा निष्कर्ष काढला. घसरून पडल्याच्या दाव्यांच्या भीतीनं खासगी कंत्राटदार, विशेषतः वाहनतळांवर काम करणारे, गरजेपेक्षा जास्त मीठ टाकतात. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यानं प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवलेल्यांना अशा दाव्यांपासून मर्यादित कायदेशीर संरक्षण देऊन हा हात आखडायला लावला आहे. काम बाहेर दिलंत तरी मिठाची खरेदी स्वतःकडे ठेवा, असा माझा आग्रह राहील. मीठ तुमचं आणि गाडीचा तास त्याचा असला, की जास्त मीठ टाकण्यात कोणाचाच फायदा उरत नाही.

परत फिरता येईल का

कंत्राट द्यायचं ठरलं की पहिल्या वर्षी ट्रक विकले जातात, चालक दुसरीकडे लागतात. पाच-सात वर्षांनी दर चढला तर नाही म्हणायची ताकद उरलेली नसते. कॅनडातल्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं १९८८ पासून महामार्गांची देखभाल खासगी कंपन्यांकडे दिली आणि ती पद्धत तिथे आजही चालू आहे, तेव्हा हे काम बाहेर देऊन चालतच नाही असं म्हणता येणार नाही. पण तिथे प्रांत अनेक विभागांत वाटलेला आहे आणि बोली लावणारे एकाहून अधिक आहेत. तुमच्या भागात एकच कंपनी येणार असेल तर त्याला स्पर्धा म्हणता येत नाही.

कंपनी बुडू शकते, हेही हिशेबात धरा. कॅरिलियन ही मोठी ब्रिटिश कंपनी १५ जानेवारी २०१८ रोजी दिवाळखोरीत गेली. तिची कॅनडातली शाखा ऑन्टारियोतल्या महामार्गांचा बर्फ काढत होती, आणि तो हिवाळ्याचा ऐन मध्य होता. शाखेनं त्याच महिन्यात न्यायालयाकडे धनकोंपासून संरक्षण मागितलं.

मधला मार्ग नॉर्वेनं १ जानेवारी २००३ पासून काढला: रस्ते खात्याचा प्रत्यक्ष काम करणारा विभाग वेगळा करून त्याची मेस्टा ही सरकारी मालकीची कंपनी केली आणि तिला खासगी कंपन्यांबरोबर बोली लावायला लावली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याची रीत आणखी साधी. राज्य स्वतःची काही यंत्रं ठेवतं, पण वादळात धावणाऱ्या बहुतेक गाड्या स्थानिक लहान कंत्राटदारांकडून तासाच्या भाड्यानं घेतं. कुठे पाठवायचं ते राज्य ठरवतं. माझा कल याच्याकडे आहे.

कोणी काय निवडावं

मोजके किलोमीटर, एक-दोन आगारं आणि जवळपास फारशा कंपन्या नाहीत, अशा ठिकाणी काम खात्याकडेच ठेवा आणि ट्रक बदलायचा निधी वेगळा बांधून ठेवा, जेणेकरून तो दुसरीकडे वळवता येणार नाही. हिमस्खलनाच्या घाटांचंही तसंच. झोजिला २०२५ मध्ये बंद झाल्यावर ३२ दिवसांत पुन्हा उघडला तो सीमा रस्ते संघटनेनं. तशा कामाला बोली लावणारा बाजार नसतो.

जाळं मोठं असेल आणि ताफा जुना होऊन नवी खरेदी तोंडावर आली असेल, तर काही भाग बाहेर द्यायला हीच वेळ योग्य, कारण विकायला फारसं काही नसतं. तेव्हाही मुख्य रस्ते, गस्त आणि मीठ खात्याकडे ठेवा. बाकीचे लहान लहान विभाग करून वेगवेगळ्या कंत्राटदारांना द्या, गाडी तयार ठेवण्याचा ठरावीक मोबदला आणि वर कामाच्या तासांचे पैसे या हिशेबानं. यंत्रांची किमान संख्या कंत्राटात लिहा. सगळंच्या सगळं, एकरकमी, एकाच मोठ्या कंपनीला द्यायचा प्रस्ताव असेल, तर दर कितीही कमी असला तरी मी विरोधात मत देईन.

आणि कंत्राट कोणालाही द्या, त्याची सुरुवात उन्हाळ्यात ठेवा. रस्त्याची कड कुठे संपते, मोरी कुठे आहे, मॅनहोलचं झाकण कुठे वर आलंय, कुठला पूल सगळ्यात आधी गोठतो, हे नव्या चालकानं रस्ता उघडा असतानाच पाहिलेलं असलं पाहिजे. पहिला बर्फ पडल्यावर त्याला ते दिसणार नाही.