कोल्ट १८५१ नेव्ही: मूळ पिस्तूल आणि आजची प्रतिकृती, काही महिने वापरल्यानंतर

कोल्टच्या १८५१ नेव्ही रिव्हॉल्व्हरची नवी प्रतिकृती घ्यायचा विचार असेल तर सगळ्यात आधी तिची पाचर बघा. नळी, सिलिंडर आणि बॉडी यांना एकत्र धरून ठेवणारा हा पोलादाचा छोटा तुकडा. मूळ पिस्तूल आणि आजची प्रतिकृती यांच्यातलं खरं अंतर मला तिथे सापडलं. इतर फरक डोळ्यांना चटकन दिसतात, पण नेमबाजी करताना त्यांतले बरेचसे जाणवतही नाहीत.

माझ्याकडची प्रतिकृती इटलीतल्या गार्दोने व्हाल त्रोम्पिया भागातली आहे. बंदुका बनवण्याची परंपरा तिथे कित्येक शतकांची, आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस व्हॅल फॉर्गेट या अमेरिकन गृहस्थांनी नेव्हीच्या प्रतिकृती बनवून घेतल्या त्याही तिथल्याच कारागिरांकडून. अमेरिकन यादवी युद्धाची शताब्दी जवळ आली होती आणि जुनी पिस्तुलं झाडून वापरायची कोणाची हिंमत नव्हती. तुलनेसाठी मूळ नेव्ही मिळालं ते आमच्या क्लबातल्या एका ज्येष्ठ संग्राहकांमुळे. दोन्ही पिस्तुलं शेजारी ठेवून त्यांनी पूर्ण खोलू दिली आणि बंदुकीची दारू कमी भरून मूळ पिस्तुलाचे थोडे बार काढायलाही परवानगी दिली. त्यांच्या या मोठ्या मनाशिवाय हे लिहिणं शक्यच नव्हतं.

हातात घेतल्यावर दोन्हींत काही फरक कळत नाही. साडेसात इंची अष्टकोनी नळी, ०.३६ इंची कॅलिबर, सहा बार, रिकाम्या पिस्तुलाचं वजन सव्वा किलोच्या आतबाहेर. नेव्हीची मूठ ही सॅम्युएल कोल्टच्या कारखान्यातून निघालेली सर्वांत देखणी आणि सोयीची वस्तू आहे, असं माझं ठाम मत आहे. पुढे १८७३ च्या सिंगल ॲक्शन आर्मी या कोल्टच्याच रिव्हॉल्व्हरलाही जवळपास हीच मूठ दिली गेली, यातच सगळं आलं. प्रतिकृतीत ती जशीच्या तशी उतरली आहे. घोडा मागे ओढताना मनगट वळवावं लागत नाही आणि हात लांब केला की पिस्तूल आपोआप निशाण्याच्या रेषेत येतं.

आता पाचर. या पिस्तुलाच्या सिलिंडरवर पट्टी नसते, वरचा भाग उघडा असतो. बॉडीतून पुढे एक जाड दांडा येतो, ज्याला आर्बर म्हणतात. सिलिंडर त्याच्यावर फिरतो, त्याचं पुढचं टोक नळीखालच्या भोकात शिरतं आणि पाचर आडवी ठोकून दोन्ही जखडले जातात. मूळ पिस्तुलात आर्बरचं टोक त्या भोकाच्या तळाला नेमकं टेकतं. म्हणून पाचर थोडी कमी-जास्त ठोकली तरी नळी मागे सरकत नाही. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट कायम तेवढीच राहते.

माझ्या प्रतिकृतीत आर्बर तळापर्यंत पोचतच नव्हता. पाचर जोरात ठोकली की नळी मागे ओढली जायची आणि सिलिंडर घासायला लागायचा. हलकी ठोकली की चार बारांनंतर नळी डुलायला लागायची. प्रत्येक वेळी पाचर वेगळ्या जागी बसली की गोळ्यांचा गटही कागदावर वेगळ्या जागी. सुरुवातीचे आठवडे हाच त्रास होता. शेवटी क्लबातल्या एका जाणकाराने भोकाच्या तळाशी मापाची पोलादी चकती बसवून दिली. चकती थोडी जाड घ्यायची, मग घासत घासत आर्बर टेकेल आणि सिलिंडरपुढे बारीक फट उरेल इतकी पातळ करायची. काम तासाभराचं, पण पिस्तूल पार बदललं. तेव्हापासून नळी हललेली नाही.

मला याचं वाईट वाटतं. १८५० च्या दशकात अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरातल्या कोल्टच्या कारखान्यात, वाफेवर चालणाऱ्या यंत्रांवर काम करणाऱ्या माणसांनी हा टेक प्रत्येक नगाला साधला. शेवटचा हात कानशीने दिला आणि सुट्या भागांवर एकच क्रमांक ठोकला, म्हणजे जोडलेले भाग वेगळे होऊ नयेत. आज अचूक यंत्रं हाताशी असताना तेवढंच काम सोडून दिलं जातं, कारण ते ग्राहकाला दिसत नाही. नवं पिस्तूल घेताना हे तपासता येतं. सिलिंडर बाजूला काढा, नळी आडवी फिरवून तिचा खालचा भाग बॉडीच्या बाजूला धरा आणि आर्बर भोकात तळापर्यंत खुपसा. नळीचा खालचा भाग आणि बॉडी एका रेषेत आले तर टेक बरोबर. नळीची बाजू बॉडीच्या पुढच्या कडेच्याही मागे गेली तर आर्बर आखूड आहे.

रंगरूपाबद्दल थोडक्यात. मूळ पिस्तुलाच्या बॉडीवर हाडांच्या कोळशात भाजून आणलेले निळे-तपकिरी ढग होते. आता ते खाचाखोचांतच उरले आहेत. प्रतिकृतीवरचे रंग भडक आणि सपाट वाटतात, नळीचं ब्ल्यूइंग, म्हणजे पोलादावर चढवलेला निळा रंगही काळ्याकडे झुकणारा आहे. मुठीच्या मागची पट्टी आणि चापाभोवतीचं कडं मूळ पिस्तुलात चांदीचा मुलामा दिलेल्या पितळेचं असायचं, प्रतिकृतीत उघडं पितळ आहे. सिलिंडरवर टेक्सासचं आरमार आणि मेक्सिको यांच्यात १६ मे १८४३ रोजी कांपेचेजवळ झालेल्या लढाईचं चित्र आहे. वॉटरमन ऑर्म्सबी या कोरीवकाम करणाऱ्याने ते कोरलं आणि रुळाने दाबून प्रत्येक सिलिंडरवर उमटवलं जायचं. संग्राहकांच्या पिस्तुलावर आता शिडांच्या काठ्याच तेवढ्या उरल्यात, तरी त्या रेषा केसासारख्या बारीक आहेत. प्रतिकृतीवरचं चित्र पूर्ण आहे, पण रेषा जाड. माझ्या नळीवर इटालियन चाचणीगृहाचा शिक्का आणि ‘पी. एन.’ ही अक्षरं आहेत. म्हणजे फक्त काळी दारू. बिनधुराची दारू यात कधीही घालायची नाही, मग पोलाद कितीही चांगलं असो.

नेमाचं म्हणाल तर दोन्ही पिस्तुलं २५ यार्डांवर उंच मारतात. मागची साईट म्हणजे घोड्याच्या नाकावरची खाच, आणि ती घोडा पूर्ण ओढल्यावरच दिसते. पुढे पितळेचा एक ठिपका. १८६५ च्या जुलैमध्ये मिसूरीतल्या स्प्रिंगफील्डमध्ये वाइल्ड बिल हिकॉक या प्रसिद्ध अमेरिकन नेमबाजाने समोरासमोरच्या लढतीत डेव्हिस टटला सुमारे ७५ यार्डांवरून पाडलं. त्याच्या हातात नेव्हीच होतं असं सर्वसाधारणपणे मानतात. या साईटवर तो नेम साधणं काय असेल, हे पिस्तूल चालवल्यावरच कळतं. मी निशाण्याच्या तळाशी नेम धरतो आणि गोळी मध्यावर जाते. मूळ नळीतल्या सात खाचांचा पीळ पुढे पुढे घट्ट होत जातो. प्रतिकृतीतला पीळ सगळीकडे सारखाच. माझ्या हातून यामुळे गटात फरक पडलेला नाही. फरक पडला तो चेंबरमुळे, म्हणजे सिलिंडरमधल्या दारू-गोळी भरायच्या घरांमुळे. प्रतिकृतीचे चेंबर नळीच्या खाचांपेक्षा किंचित अरुंद आहेत, त्यामुळे गोळी नळीत सैल जाते. ते रीमरने (भोक रुंद करायच्या हत्याराने) थोडे मोठे करून घेतले आणि गट स्पष्टपणे आवळला.

कॅपचा, म्हणजे घोड्याच्या ठोक्याने फुटून दारू पेटवणाऱ्या छोट्या टोपीचा त्रास मात्र दोन्हींना आहे, तो मूळ आराखड्याचाच. फुटलेल्या कॅपचा तुकडा घोड्यासमोरच्या खाचेत पडतो आणि सिलिंडर अडकतो. घोडा ओढताना नळीचं तोंड सुरक्षित दिशेत ठेवून वर उचललं की बहुतेक तुकडे बाहेर पडतात. कंपनीने दिलेल्या निपलवर, म्हणजे कॅप बसवायच्या सिलिंडरमागच्या पोकळ टोकांवर, कॅप सैल बसायच्या. नीट मापाचे निपल लावल्यापासून अडकणं बरंच कमी झालं. आत चाप आणि सिलिंडरचा खटका दोन्ही एकाच दुपाती स्प्रिंगवर चालतात. माझ्या पिस्तुलातली ती स्प्रिंग मध्येच तुटली. मूळ पिस्तुलातली पाहिली तर तिच्या पात्यांच्या कडा हाताने गुळगुळीत केलेल्या. नवी स्प्रिंग बसवण्याआधी मीही तसंच केलं. एक-दोन जास्तीच्या स्प्रिंगा जवळ असू द्या. मूळ पिस्तुलाचे स्क्रू किंवा भाग प्रतिकृतीला बसतील अशी अपेक्षा ठेवू नका, आटे वेगळे आहेत.

सफाईला पर्याय नाही. काळ्या दारूच्या जळण्यातून निम्म्याहून जास्त घन राख मागे राहते आणि ती हवेतला ओलावा ओढते. त्याच दिवशी गरम पाणी आणि साबण, मग पूर्ण वाळवून तेल. आर्बरवरच्या सर्पिल खाचांत ग्रीस भरलं की सिलिंडर जास्त बारांपर्यंत मोकळा फिरतो. या खाचा कोल्टने मुद्दाम ठेवल्या होत्या आणि प्रतिकृतीतही त्या आहेत.

टिकाऊपणात नवं पिस्तूल सरस आहे, यात मला शंका नाही. आजचं पोलाद आतून एकसारखं असतं. दीडशे वर्षांपेक्षा जुन्या सिलिंडरच्या आत काय दडलंय ते बाहेरून कळत नाही, म्हणूनच संग्राहकांचं पिस्तूल आम्ही लगेच धुऊन पेटीत ठेवलं. नियमित नेमबाजी करायची असेल तर प्रतिकृतीच घ्या. आर्बर दुरुस्त करून घ्यायची तयारी ठेवा, पहिल्याच आठवड्यात निपल बदला आणि पितळेची बॉडी असलेले नमुने टाळा. कोल्टच्या मूळ नेव्हीची बॉडी लोखंडी होती, आणि भरपूर दारू भरून सतत चालवल्यास पितळेच्या बॉडीत आर्बर सैल होतो. तो एकदा सैल झाला की पाचर कितीही नीट ठोकली तरी उपयोग नाही.