आम्हाला दाखवलेला कार्यक्रम वेगळा, काठमांडूला दिलेला वेगळा

एव्हरेस्ट भागातल्या, तीन उंच खिंडी ओलांडायच्या ‘थ्री पासेस’ ट्रेकसाठी तुम्ही बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कुणा संयोजकाकडे पैसे भरणार असाल, किंवा आधीच भरून बसला असाल, तर कृपया हे शेवटपर्यंत वाचा. आमचे माणशी लाखाच्या पुढे पैसे गेले. त्याहून वाईट म्हणजे, त्या माणसानं कार्यक्रमातल्या विश्रांतीच्या रात्री कापून त्यांचे पैसे खिशात घातले आणि त्यापायी माझ्या भाच्याच्या जिवावर बेतलं. तो माणूस आजही नव्या बॅचची जाहिरात करतो आहे, म्हणून हे लिहितोय.

हा ट्रेक किती अवघड आहे ते आधी सांगतो, नाहीतर रात्री कापल्या म्हणजे नेमकं काय केलं ते कळणार नाही. विमानानं लुक्लाला उतरायचं, तिथली उंची २८६० मीटर. मग नामचे बाजार ३४४०, डिंगबोचे ४४१०, चुखुंग ४७३०. तिथून पुढे कोंगमा ला ही ५५३५ मीटरची खिंड (‘ला’ म्हणजेच खिंड), मग चो ला ५४२० आणि शेवटी रेंजो ला ५३६०. चुखुंग सोडलं की कोंगमा ला चढून लोबुचेला उतरेपर्यंत वाटेत एकही लॉज नाही. चो लावर हिमनदीच्या बर्फावरून चालावं लागतं. आपलं बेळगाव साडेसातशे मीटरवर आहे आणि महाराष्ट्रातलं सर्वांत उंच कळसूबाई १६४६ मीटर. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्म्यावर येतो, म्हणजे तेवढाच श्वास घेतला तरी प्राणवायू निम्माच मिळतो. शरीराला याची सवय होते, पण सावकाश. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढावी, असं पर्वतीय वैद्यकातले डॉक्टर सांगतात. तरणाबांड असो की म्हातारा, रोज पळणारा असो की नसो, हा नियम सगळ्यांना सारखाच.

आमचा संयोजक आपल्याच भागातला, आपलंच मराठी बोलणारा. पारगड, कलानिधीगड अशा चंदगडकडच्या गडांवर तो आधी माणसं घेऊन जायचा आणि ते ट्रेक खरोखर चांगले करायचा. वेळेवर गाडी, गरम जेवण, हिशेब चोख. त्याच ओळखीवर त्यानं टिळकवाडीत एक माहिती बैठक घेतली. पडद्यावर फोटो दाखवले, रंगीत छापलेला कार्यक्रम प्रत्येकाच्या हातात दिला. काठमांडूतल्या कंपन्यांपेक्षा त्याचा दर कमी होता. का, असं विचारल्यावर म्हणाला, “आपलीच माणसं तुम्ही. तुमच्याकडनं जास्ती घेऊन कुठं जाऊ, सांगा की.” विमान, परवाने, गाईड, पोर्टर, राहणं, जेवण, विमा, सगळं त्यात आलं असं त्यानं भर बैठकीत सांगितलं. पैसे हप्त्यानं घेतले, यूपीआयनं, दर वेळी वेगळ्या नावाच्या खात्यावर. पावती मागितली की व्हॉट्सॲपवर लेटरहेडचा फोटो यायचा. लेटरहेडवर जीएसटी क्रमांक होता. तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की धंदा कुणाच्या नावावर आहे आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे कुणालाही फुकट दिसतं. परत आल्यावर माझ्या मेहुण्यानं टाकून बघितला, तर नोंदणी केव्हाच रद्द झालेली.

त्यानं उकळलेल्या किरकोळ पैशांचंही सांगतो, कारण नव्या बॅचच्या दरपत्रकात हीच कलमं जशीच्या तशी आहेत. सगरमाथा, म्हणजे एव्हरेस्टच्या राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेश शुल्क परदेशी माणसाला ३००० नेपाळी रुपये आहे, पण सार्क देशांच्या नागरिकांना १५००, वर कर. भारतीय माणसाला निम्मंच. आमच्याकडून पुरे तीन हजार घेतले, तेही भारतीय रुपयांत. शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी होतात, म्हणजे खऱ्या शुल्काच्या तिपटीहून जास्त! ‘टिम्स कार्ड’, म्हणजे ट्रेकरच्या नोंदणीचं कार्ड, म्हणून वेगळे पैसे लावले. एव्हरेस्टच्या या खुंबू भागात ते कार्ड लागतच नाही, तिथे ग्रामपालिकेचा स्वतःचा परवाना असतो. लुक्लाचं विमान काठमांडूहून आहे असं सांगितलं होतं. हंगामात ही विमानं बहुतेक रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून सुटतात आणि त्यासाठी रात्रीच जीपनं निघावं लागतं. हे त्याला माहीत होतं, तरी त्या जीपचे पैसे आमच्याकडून काठमांडूच्या थामेलमधल्या हॉटेलात जागेवर काढले.

नामचेला पोचलो त्या संध्याकाळी गाईड म्हणाला, उद्या सकाळी सहाला निघायचं, थेट डिंगबोचे. आमच्या कार्यक्रमात नामचेला दोन रात्री होत्या आणि पुढे टेंगबोचेचा मुक्काम होता. संयोजकाला फोन लावला. म्हणाला, “विश्रांतीचा दिवस पुढं डिंगबोचेला घेतलाय, तिथं दोन रात्री आहेत. गोळी देऊन ठेवलीय न्हवं, ती घ्या, कायसुदा होत न्हाई.” गोळी म्हणजे ॲसिटाझोलामाइड. तिची पाकिटं त्यानं बेळगावातच वाटली होती, कुणाला काय ॲलर्जी आहे हे न विचारता. ही गोळी शरीराला सवय व्हायला मदत करते, पण विश्रांतीच्या रात्रीची जागा ती घेत नाही. आणि ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची असते.

डिंगबोचेला अंधार पडल्यावर पोचलो. एका दिवसात झोपण्याची उंची ९७० मीटरनं वाढली. माझा भाचा, पंचविशीचा पोरगा, रोज व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पळणारा, ताटासमोर बसला आणि म्हणाला, “मामा, जेवण बघवंना.” रात्रभर डोकं धरून बसला होता. पहाटे दोनदा उलटी झाली. आणि सकाळी गाईड म्हणतो, आज चुखुंगला जायचं, इथलं बुकिंग एकाच रात्रीचं आहे.

लॉज चालवणाऱ्या शेर्पा दिदींनी त्या वेळी मध्ये पडून गाईडला त्याचा कागद दाखवायला सांगितलं. जेवणघरात मधोमध शेकोटीची भट्टी, तिच्यात याकचं वाळलेलं शेण जळत होतं. तिथल्या बाकावर तिनं दोन्ही कागद शेजारी शेजारी पसरले. आमचा गुळगुळीत, रंगीत, वर एव्हरेस्टचा फोटो. गाईडचा साधा, एका बाजूला छापलेला, घामानं घड्या विरलेला, खाली काठमांडूच्या एजन्सीचा शिक्का, जिच्याकडे संयोजकानं आमचा ट्रेक सोपवला होता. ती दोन्हीकडे बोट ठेवत खाली खाली गेली. नामचे, आमच्याकडे दोन रात्री, त्याच्याकडे एक. टेंगबोचे, आमच्याकडे एक, त्याच्याकडे नावच नाही. डिंगबोचे, दोन आणि एक. चुखुंग, दोन आणि एक. शेवटी आमच्या कागदावर लुक्लाचं हवामान बिघडलं तर म्हणून राखीव दिवस होते, त्याच्या कागदावर दुसऱ्याच दिवशीचं विमान. बोट थांबवून तिनं भाच्याकडे बघितलं आणि हिंदीत म्हणाली, “याला वर नेऊ नका.”

सगळा प्रकार तिथं उघड झाला. आम्हाला दाखवून पैसे घेतले तो कार्यक्रम वेगळा आणि काठमांडूला पैसे देऊन घेतला तो वेगळा. कापलेल्या प्रत्येक रात्रीमागे गाईडची मजुरी, पोर्टरची मजुरी, खोली, तीन वेळचं जेवण, आणि हे प्रत्येक माणसामागे. गुणाकार करून बघा. स्वस्त दर कुठून आला होता तेही त्यातच कळतं.

गाईडचा मला राग नाही. त्याला जो कागद मिळाला, त्याप्रमाणे तो चालत होता. एवढ्या दिवसांत तीन पास होत नाहीत, असं त्यानं एजन्सीला सांगितलंही होतं. त्यानं भाच्याला अंगणात टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालवून बघितलं. तोल जायला लागला तर मेंदूला सूज येत असल्याची ती खूण असते आणि मग एक मिनिटही थांबायचं नसतं. भाचा सरळ चालला. तिथून टेकाड ओलांडून आम्ही फेरिचेला गेलो. तिथं हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, ट्रेकिंगच्या हंगामात डॉक्टर असतात. त्यांनी बोटाला यंत्र लावून प्राणवायू बघितला, छाती तपासली आणि म्हणाले, खाली उतरा, आजच.

आम्ही उतरायच्या तयारीत असताना फोन सुरू झाले. आधी बेळगावहून संयोजकाचा, मग काठमांडूच्या कुणा माणसाचा. चालत कशाला जाता, हेलिकॉप्टर पाठवतो, विमा आहेच, तुम्ही फक्त सही करा आणि हमी म्हणून कार्ड द्या. आणि आग्रह असा की भाच्याबरोबर मीही बसावं, दम लागणारे आणखी दोघंही बसावेत. एका हेलिकॉप्टरमधून चार माणसं आणायची आणि विमा कंपन्यांना चार वेगळी बिलं लावायची, हा प्रकार तिथं इतका बोकाळला होता की २०१८ मध्ये नेपाळ सरकारला त्याची चौकशी करावी लागली. मी मेहुण्याला विम्याच्या कागदाचा फोटो पाठवला. त्यानं कंपनीच्या हेल्पलाइनला विचारलं. पॉलिसी खरी होती, पण साध्या प्रवासाची, ट्रेकिंग त्यातून वगळलेलं. म्हणजे हेलिकॉप्टरचं सगळं बिल आमच्या कार्डावर पडलं असतं.

इथं एक सांगायलाच हवं. माणूस अडखळत चालायला लागला, बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून फेस आला, बोलणं असंबद्ध झालं, तर पैशाचा विचार करू नका, मिळेल त्या मार्गानं खाली आणा. भाच्याला डॉक्टरांनी तपासून चालत उतरायला सांगितलं होतं, म्हणून आम्ही चाललो. चार हजाराच्या खाली, पांगबोचेला पोचलो आणि संध्याकाळी त्यानं आपणहून भात मागितला. त्या ताटाकडे बघताना माझे डोळे भरून आले होते.

बाकीच्यांनी पदरचे पैसे घालून डिंगबोचेला रात्र वाढवली, कोंगमा ला सोडला आणि बेस कॅम्प करून त्याच वाटेनं परत आले. तिन्हीपैकी एकही खिंड आमच्यातल्या कुणी ओलांडली नाही.

पोर्टरांचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. दोन माणसांमागे एक पोर्टर असं आम्हाला सांगून पैसे घेतले होते. प्रत्यक्षात तिघांच्या बॅगा एकाच्या पाठीवर, वर त्याची स्वतःची पिशवी. त्यांना आगाऊ रक्कम मिळाली नव्हती आणि लुक्लाला परत आल्यावरही एजन्सीकडून काही आलं नाही, कारण आमच्या संयोजकानं एजन्सीलाच अर्धे पैसे दिले होते. आम्ही आपापसांत गोळा करून त्यांची मजुरी भागवली. आमच्यापेक्षा ती माणसं जास्त नाडली गेली, असं मला मनापासून वाटतं.

परत आल्यावर पंधरवडाभर गोड बोलणं झालं, मग फोन बंद, मग दुसऱ्याच नावानं नवी जाहिरात. पोलिस ठाण्यात पहिल्यांदा ऐकलं ते असं की हा तुमचा आपापसातला पैशाचा व्यवहार, दिवाणी कोर्टात जा. तेव्हा दोन्ही कागद टेबलावर ठेवले. सेवा नीट दिली नाही ही एक गोष्ट. पैसे घेतानाच वेगळा कार्यक्रम ठरवून ठेवला होता, ही दुसरी, आणि ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीत बसते. दोन कागदांच्या तारखांवरून ते दिसत होतं, म्हणून तक्रार घेतली गेली. ती कन्नडमध्ये लागणार होती. उद्यमबागला माझ्याबरोबर काम करणाऱ्या गोकाकच्या एका मित्रानं रात्री बसून ती लिहून दिली, एकेक ओळ मला मराठीत समजावून सांगत. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे आणि तो अनेकांना माहीत नसतो. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, संयोजक कुठलाही असो. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळतं. ऑनलाइन पैसे जाऊन थोडाच वेळ झाला असेल तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आमचे हप्ते जुने होते, तिथं काही थांबवता आलं नाही.

ज्यांनी पैसे भरलेत पण अजून निघाला नाहीत, त्यांनी काठमांडूच्या एजन्सीचं नाव आजच मागून घ्या आणि तुमच्या नावावर किती रात्रींचं बुकिंग आहे, हे गावांच्या नावांसकट त्या एजन्सीकडूनच ईमेलनं मागवा. नाव सांगायला संयोजक टाळाटाळ करत असेल तर पुढचा हप्ता देऊ नका. विम्याच्या कागदावर ट्रेकिंग आणि सहा हजार मीटरपर्यंतची उंची लिहिलेली आहे का, ते कंपनीला फोन करून विचारा.

आणि जे माझ्यासारखे जाऊन आलेत, त्यांनी तो रंगीत कागद फेकू नका. व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका, हप्ते कुठल्या खात्यावर गेले त्याचे उतारे बँकेतून काढून ठेवा. एकाच माणसाकडून फसलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीनं एकत्र तक्रार करता येते. आमची तक्रार दाखल झाली आहे, सुनावणी व्हायची आहे. आधीच्या बॅचमधल्या लोकांनी आपापले कागद घेऊन यावं, दोन्ही कार्यक्रम हाती असतील तर उत्तमच.