कळंबोली: लाईनवरच्या ड्रायव्हरने इथे बिऱ्हाड करावं का?

महिन्यातले वीसेक दिवस लाईनवर, म्हणजे लांब पल्ल्याच्या ट्रकवर, काढणाऱ्या माणसाने घराचं अंतर मोजावं ते गाडी जिथे लागते तिथून. भाड्याचा विचार त्यानंतर. या मापाने बघितलं तर मुंबईच्या आसपास पनवेलजवळच्या कळंबोलीला तोड नाही. लोखंड बाजार वस्तीला खेटून आहे. ट्रान्सपोर्टची ऑफिसं, पाटेवाला (ट्रकच्या स्प्रिंगा दुरुस्त करणारा), टायरवाला, वजनकाटा सगळं हाकेच्या अंतरावर. पुण्याकडचा एक्सप्रेसवे इथूनच सुटतो, गोव्याची आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदराची वाट पळस्पे फाट्यावरून, आणि गुजरात-नाशिकला जायचं तर तळोजा, शिळफाटा, मुंब्रा बायपास. उद्या शेठ बदलला, लाईन बदलली, तरी घर बदलावं लागत नाही.

उरणचं द्रोणागिरी बंदराला जास्त जवळ. पण तिथला धंदा मुख्यतः कंटेनरचा. ट्रेलर सोडून बारा टायरच्या ट्रकवर बसलात की भरायला पुन्हा इकडेच यायचं. खोपोलीत भाडं कमी पडतं. मात्र गाडी कळंबोलीत लागत असेल तर दर खेपेला जाण्यायेण्यात झोपेचे तीन-चार तास जातात, आणि रात्री उशिरा लोकलही नसते.

गाडी घरापाशी उभी करायचा बेत मात्र सोडून द्या. चाळीस फुटी ट्रेलर सेक्टरच्या आतल्या रस्त्यावर वळत नाही. लोकांच्या तक्रारी होतात, चलन मालकाच्या नावावर निघतं आणि कापलं जातं ड्रायव्हरच्या पगारातून. सर्व्हिस रोडला फुकटात लावली तर डिझेल, बॅटरी आणि स्टेपनी, तिन्हींची काळजी. राखणदार असलेल्या पार्किंगचे पैसे कोण देणार, हे मालकाशी आधीच बोलून ठेवावं.

आता पाण्याचं. कळंबोलीचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली वसलेला आहे. मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की पावसाचं पाणी खाडीत उतरत नाही, ओहोटी लागेपर्यंत वस्तीतच थांबतं. 26 जुलै 2005 ला इथे काय झालं, ते जुन्या रहिवाशांना विचारा. सिडकोची जुनी बैठी घरं स्वस्तात मिळतात त्याचं एक कारण हेच. तळमजला बघताना वीजमीटर जमिनीपासून किती उंच बसवलाय ते पाहा. पलंगाच्या उंचीपर्यंत ताजा रंग मारलेला दिसला तर आत ओल आहे का, हाताने चाचपून घ्या. ड्रायव्हर चेन्नईच्या वाटेवर असताना घरात पाणी शिरलं, तर सामान उचलायला बायको एकटीच असते. त्यामुळे कुटुंब सोबत असेल तर पहिला मजला किंवा त्याच्या वरचाच घ्या, भाडं थोडं जास्त पडलं तरी.

दुसरी खोट वासाची. तळोजा एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांचा उग्र दर्प रोडपालीच्या बाजूला रात्री आणि पहाटे जाणवतो. घर दुपारी दाखवतात, तेव्हा काही कळत नाही. रात्री अकरानंतर एकदा तिथे जाऊन उभे राहा.

रात्रभर गाडी हाकून आलेला माणूस दिवसा झोपतो. म्हणून झोपायची खोली रस्त्याच्या उलट बाजूला हवी. बाजाराकडे तोंड असलेल्या इमारतीत क्रेन आणि रिव्हर्स हॉर्न दिवसभर चालू. सगळ्यात वरच्या मजल्यावर, पत्र्याच्या शेडखाली, एप्रिल-मे मध्ये दुपारची झोप विसरा.

शेजारच्या कामोठ्याशी तुलना हमखास निघते. मानसरोवर स्टेशन आणि एमजीएम हॉस्पिटल तिकडे आहे, घरच्यांसाठी ते बरंच. पण मधे सायन-पनवेल हायवे आहे. पहाटे तीनला तो पायी ओलांडणं धोक्याचं, आणि त्या वेळी रिक्षावाला मागेल ते द्यावं लागतं. ज्यांचं गाव सातारा, कोल्हापूरकडे, त्यांना कळंबोलीच सोयीची. पुण्याकडच्या गाड्या थांबतात इथे.

कागदपत्रांसाठी पनवेलचं आरटीओ कळंबोलीतच आहे. व्यावसायिक लायसन्स 5 वर्षांनी आणि घातक रसायनांच्या टँकरचं 3 वर्षांनी रिन्यू करावं लागतं. दोन खेपांच्या मधल्या दिवसात हे उरकता येतं, ही छोटी वाटणारी सोय मोठी आहे. रेशनकार्ड गावचं असलं तरी धान्य इथे उचलता येतं, आधार जोडलेलं हवं एवढंच.

एकटे असाल तर चौघांत एक खोली परवडते, कारण चौघं एकाच दिवशी क्वचितच घरी असतात. करार 11 महिन्यांचा, नोंदणी केलेला, आणि त्यात चौघांचीही नावं. एकाच्याच नावावर करार असला आणि तोच गावाला निघून गेला, की बाकी तिघांचं डिपॉझिट अडकतं.